सुटी पॅनेलं जोडून केलेली खोली: धूळ आत राहावी आणि खोली पुसताही यावी

गंजका_खिळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमच्या टोळीचं काम म्हणजे जुन्या लोखंडी टाक्या, पंपघरं, पुलाचे भाग यांच्यावरचा शिसं असलेला रंग खरवडणं. एका जागी आठ-दहा दिवस, मग पुढची जागा. आजवर आम्ही पाइपांचा सांगाडा उभा करायचो, त्यावर प्लॅस्टिक ताणायचो, टेप मारायचो, आणि काम संपलं की सगळं गुंडाळून घातक कचऱ्यात. दर वेळी माणूसभर उंचीचा ढीग. तो बघून डोक्यात आलं की पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी खोली करावी.

केली. ६ मीटर लांब, ४.८ रुंद, २.५ उंच. भिंतीला १.२ मीटर रुंदीची १८ पॅनेलं, ४ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट, चौकटीला ॲल्युमिनियमचं खाचवालं सेक्शन (ज्यात नट सरकवून कुठेही बोल्ट मारता येतो ते). तीन तासांत उभी राहिली. सगळे खूष.

मग काम संपलं आणि पुसायला घेतली. दोन माणसं, दोन दिवस. तरी खाचेत फडकं घातलं की काळं. शेवटी एक सेक्शन आपटून बघितलं तर त्यातून करडी भुकटी भुरभुर खाली पडली. ही भुकटी घेऊन आम्ही पुढच्या जागी गेलो असतो.

तर प्रश्न सरळ आहे. सुटी होणारी आणि पुसता येणारी, अशी दोन्ही गुणांची खोली होते का? की मी उगाच वेळ घालवतोय?

---

निवृत्त_फोरमन

वेळ घालवताय असं नाही म्हणणार, पण सुरुवात उलट्या टोकाने केलीत. तुम्ही उभारायच्या दिवसाचा विचार केला. अशी खोली मोडायच्या दिवसाचा विचार करून बांधायची असते. शेवटच्या दिवशी कोण कुठे उभा असेल, कुठला बोल्ट आधी काढेल, त्याच्या हाताला काय लागेल, तिथून मागे मागे यायचं.

ते खाचवालं सेक्शन आधी फेकून द्या. मशिनची गार्डं करायला उत्तम वस्तू आहे. धुळीच्या कामात ती धुळीची तिजोरी.

---

पांढरं_फडकं

काकांशी सहमत. मी औषधनिर्मितीतल्या स्वच्छ खोल्यांचं काम बघते. तिथे बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नसते, तुमच्याकडे आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. दाबाची दिशा उलटी, पण पुसण्याचं शास्त्र तेच.

जरा हिशोब मांडू. १८ उभे सांधे, प्रत्येकी २.५ मीटर, म्हणजे ४५ मीटर. जमिनीचा परीघ २१.६, छताचा तितकाच. एकूण ८८ मीटरच्या वर सांधा झाला. त्यातल्या प्रत्येक मीटरला आत तोंड केलेली एक तरी खाच असणार. दोन माणसं दोन दिवस भिंती पुसत नव्हती हो, ती ८८ मीटर लांबीची नळी पुसत होती.

जितके तुकडे जास्त तितके सांधे जास्त, आणि घाण सांध्यातच बसते. सुटेपणा आणि स्वच्छता यांचं मुळातच पटत नाही. त्यामुळे सांधे टाळता येणार नसतील तर ते घाणीच्या बाजूला उघडे ठेवायचे नाहीत, इतकंच आपल्या हातात.

---

शंकासुर

म्हणजे नक्की काय करायचं? खाच बाहेरच्या बाजूला फिरवायची?

---

पांढरं_फडकं

हो, जवळजवळ तेच. सांगाडा बाहेर, कातडी आत. आत उभं राहून बघितलं तर एकही नट, बोल्ट, कडी, बिजागरी दिसता कामा नये, नुसती सपाट भिंत. कोपऱ्यात काटकोन नको, गोलाई हवी. अन्नप्रक्रियेच्या यंत्रांत आतल्या कोपऱ्याची त्रिज्या किमान ३ मिलिमीटर ठेवायचा संकेत आहे. तुम्हाला तर बोटाला गुंडाळलेलं फडकं एका ओढीत फिरवायचंय, म्हणून मी २५ तरी ठेवेन. आडवी कड कुठेही नको. ठेवावीच लागली तर तिला उतार द्या, म्हणजे धूळ तिथे ठाण मांडणार नाही.

---

हवाबंद

थांबा ताई, इथे एक गोम आहे. खोलीत निगेटिव्ह प्रेशर आहे, म्हणजे पंखा आतली हवा बाहेर ओढतो म्हणून आतला दाब बाहेरपेक्षा कमी. पॅनेल चौकटीच्या बाहेरून बसवलं तर हवाच ते चौकटीवर दाबून धरते, गास्केट (सांध्यातली रबरी पट्टी) आपोआप घट्ट. तुम्ही म्हणता तसं आतून बसवलं तर हवा ते चौकटीपासून सोडवायला बघणार. आयतं मिळणारं सील घालवताय.

---

गंजका_खिळा

हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आम्ही ५ पास्कल धरतो. त्याचा जोर किती पडतो?

---

हवाबंद

५ पास्कल हा मुळात ॲस्बेस्टॉसच्या कामातला आकडा. ऑशाच्या (अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था) नियमात ०.०२ इंच पाण्याचा दाब आणि तासाला किमान ४ वेळा हवाबदल (खोलीइतकी हवा बदलणं) आहे, ते ०.०२ इंच म्हणजे साधारण ५ पास्कल.

तुमचं एक पॅनेल १.२ गुणिले २.५, म्हणजे ३ चौरस मीटर. गुणिले ५, झाले १५ न्यूटन. दीड किलो.

हं. लिहिता लिहिता माझाच मुद्दा लंगडा पडला. दीड किलोसाठी सांगाडा आत आणण्यात अर्थ नाही, बाहेरून चार कॅम क्लॅम्प (खटका फिरवून आवळायचे चिमटे) ते सहज धरतील. ताई बरोबर, मी माघार घेतो.

पण दुसरी गोष्ट सोडत नाही. ५ पास्कल हा रोजचा दाब झाला. पंखा चालू आहे आणि हवा आत यायचा झरोका कोणी बंद केला तर? प्लॅस्टिकच्या तंबूला शंभर फटी असतात, तो वाचतो. तुमची खोली मात्र चांगली बनलेली. मग पंखा त्याच्या कमाल दाबाकडे जायला लागतो, आणि तो काही शे पास्कल असू शकतो. ३०० धरा. तुमचं छत २८.८ चौरस मीटर. जोर ८,६०० न्यूटनच्या वर, म्हणजे पावणेनऊशे किलोच्या आसपास, आणि खाली माणसं.

---

निवृत्त_फोरमन

हे मी पाहिलंय. पॅनेलांची खोली नव्हती, पण तंबू फार नीट टेप केलेला होता. पोरगा बाहेर पॅकिंगची पेटी सरकवत होता, ती नेमकी झरोक्यापुढे टेकली. आधी भिंती फुगल्यासारख्या आत आल्या, मग टेपचा आवाज सुरू झाला, टर्र टर्र. आतल्याने शहाणपणाने दारचा पडदा पायाने उचलून धरला म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर झरोक्यापुढे जाळीचा पिंजरा ठोकल्याशिवाय मी पंखा लावू दिला नाही.

---

हवाबंद

तेच. खोली जितकी घट्ट कराल तितकी वजनावर उघडणारी सुटकेची झडप जास्त गरजेची. साधी लोंबती फ्लॅप, ३०-४० पास्कलला आत उघडणारी, चालेल. पंखा बंद पडला की ती आपल्या वजनाने मिटली पाहिजे. पंख्याच्या बाहेरच्या नळीतही उलटी हवा अडवणारी झडप हवी.

हवेचा हिशोबही देऊन ठेवतो, धागाकर्त्याला उपयोगी पडेल. खोली ७२ घनमीटर. तासाला १० हवाबदल धरले तर ७२० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.२. झरोका ०.२ चौरस मीटरचा ठेवला तर तिथे वारा सेकंदाला १ मीटर वेगाने आत येतो. धुराची कांडी धरली की धूर सरळ आत ओढला जाताना दिसतो. झरोका पंख्याच्या समोरच्या टोकाला असावा. शेजारी ठेवलात तर हवा आली तशी निघून जाते आणि लांबचा कोपरा तसाच कोंदट राहतो.

काम थांबल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. १० हवाबदलांना हवेतली बारीक धूळ ९९ टक्के जायला २८ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला ४१. हा हिशोब हवा छान ढवळली जाते असं धरून आहे, खऱ्या खोलीत कोपरे मागे राहतात. म्हणून तासभर थांबा.

---

अवांतरानंद

अवांतर: ही चर्चा वाचून चेर्नोबिलचं नवं कवच आठवलं. २५७ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच कमान. बाजूला, किरणोत्सर्ग कमी असेल अशा जागी बांधली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात रुळांवरून सरकवत अणुभट्टीवर आणली. त्याला दोन कातड्या आहेत, आतली आणि बाहेरची, आणि पोलादी सांगाडा त्या दोहोंच्या मध्ये. त्या मधल्या पोकळीत कोरडी हवा, आतल्या जागेपेक्षा किंचित जास्त दाबाने, म्हणजे घाण सांगाड्यापर्यंत पोचतच नाही आणि गंजही लागत नाही. शंभर वर्षं टिकावं म्हणून.

२०२५ च्या फेब्रुवारीत ड्रोन आदळून त्याला भोक पडलं ती गोष्ट वेगळी.

---

पांढरं_फडकं

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. सांगाडा घाणीत नको, तो पुसायची वेळच येऊ नये.

---

शंकासुर

मला एक कळत नाही. सांगाडा बाहेर नेला, मान्य. तरी दोन पॅनेलांच्या मधली फट आतून दिसणारच ना? गास्केट लावलं तरी गास्केटच्या अलीकडे दोन-तीन मिलिमीटरची चर राहते. तीच ४५ मीटर घाण पुन्हा.

---

निवृत्त_फोरमन

म्हणूनच मी प्लॅस्टिक सोडलं नाही. अजूनही सांगतो, अंगावरचे कपडे धुण्यापेक्षा बदलणं सोपं असतं. सांगाडा ठेवा, प्लॅस्टिक फेका. ०.१५ मिलिमीटरचं, आग न धरणारं. दोन थर लावा. वरचा थर रोज संध्याकाळी पाणी मारून, आतल्या आत गुंडाळून काढा.

---

गंजका_खिळा

काका, आदर आहे, पण त्या ढिगासाठीच तर हा खटाटोप. शिवाय दोन थर म्हणजे दुप्पट ढीग.

---

पांढरं_फडकं

दोघांचं थोडं थोडं घ्या. पॅनेलं ठेवा, सांधा फेका.

सगळी पॅनेलं उभी राहिली की आतून प्रत्येक सांध्यावर १०० मिलिमीटर रुंद टेप मारायची. टोकाला दोन बोटं दुमडून शेपूट ठेवायची, म्हणजे काढताना नखांनी खरवडत बसावं लागत नाही. चर टेपच्या मागे गेली, धूळ टेपवर बसली. शेवटी पॅनेल पुसून झालं की टेपवर चिकट द्रावण फवारायचं, धूळ जागच्या जागी बसते, मग टेप हळूच आतल्या बाजूला वळवत सोलायची. कचरा किती? ८८ मीटर पट्टी. एका पिशवीत मावते.

टेप निवडताना मात्र पॅनेलच्या कपच्यावर आठ-दहा दिवस लावून ठेवून मग सोलून बघा. गोंद मागे राहिला तर रोगापेक्षा औषध वाईट, कारण त्या गोंदावर पुढची धूळ अशी चिकटते की विचारू नका.

जमिनीला टेपवर भागणार नाही. तिथे एकसंध चादर हवी, वेल्ड केलेली, कडा भिंतीवर ३०० मिलिमीटर वर घेतलेली. भिंतीवरून ओघळलेलं पाणी चादरीच्या आत पडलं पाहिजे, मागे नाही. कौलं जशी एकावर एक येतात तसा विचार करा.

---

गंजका_खिळा

हे जमेल. पॅनेलच्या मालाचं काय? पॉलिकार्बोनेट ठेवू? आताच ते धुरकट दिसायला लागलंय आणि बोल्टाच्या भोकांजवळ बारीक बारीक रेषा आल्यात.

---

पांढरं_फडकं

कशाने पुसता?

---

गंजका_खिळा

ट्रायसोडियम फॉस्फेट. जुन्या लोकांनी शिकवलेलं, शिशाला तेच चांगलं म्हणून. टेपचा गोंद राहिला तर ॲसिटोन.

---

पांढरं_फडकं

झालं! पॉलिकार्बोनेटला तीव्र अल्कली चालत नाही आणि ॲसिटोन तर अजिबातच नाही. भोकांजवळच्या रेषा म्हणजे ताण असलेल्या जागी पडलेले तडे, पुढच्या वेळी तिथूनच फुटेल. ओरखड्यातही धूळ बसते. घासून पारदर्शकता गेलीच, तर पॉलिकार्बोनेट ठेवून फायदा काय?

एक-दोन पॅनेलांना काचेची खिडकी ठेवा, बाहेरच्याला आतला माणूस दिसायलाच हवा. बाकी भिंत पॉलिप्रोपिलीनची किंवा गुळगुळीत जेलकोट असलेल्या फायबरची. स्टेनलेस सगळ्यात उत्तम, पण त्याला ब्लीच लावायचं नाही, खड्डे पडतात. आणि वजन बघा, तुमचं आताचं पॅनेल चौकट सोडून साडेचौदा किलोचं आहे, १ मिलिमीटरचं स्टेनलेस २४ किलोचं होईल. मास्क लावून, घामाघूम अवस्थेत, दिवसात १८ वेळा ते उचलून बघा आणि मग ठरवा.

पुसायचं कसं तेही सांगते. आधी हेपा व्हॅक्यूम (अतिबारीक धूळ पकडणाऱ्या फिल्टरचा), मग साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं, वाळल्यावर पुन्हा हेपा व्हॅक्यूम. झाडू नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच नाही. वरून खाली, आणि स्वच्छ टोकाकडून घाण टोकाकडे. फडक्याची चौघडी घाला, एका ओढीला एक बाजू, बाजू संपल्या की फडकं पिशवीत. बादलीत पिळून तेच परत वापरायचं नाही. बादलीतलं पाणी तिसऱ्या पिळण्यालाच शिशाचं पाणी झालेलं असतं, पुढे आपण भिंत रंगवत असतो.

---

हवाबंद

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

एक भर घालतो. खोलीआधी हत्यार. खरवडायच्या यंत्रालाच आवरण आणि व्हॅक्यूम जोडलं तर मुळात भिंतीवर बसणारी धूळच खूप कमी होते. ऑशाची शिशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. मिठाच्या एका कणाइतक्या वजनाने एक घनमीटर हवा त्या रेषेवर जाते. खोली उत्तम असली तर बाहेरचे वाचतात. आतला माणूस त्याच धुळीत उभा आहे हे विसरू नका.

आणि हेपा कितीही भारी असला, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडणारा, तरी तो ज्या चौकटीत बसतो तिथलं गास्केट दुमडलं असेल तर सगळं मुसळ केरात. फिल्टर बदलल्यावर गळती तपासा.

---

निवृत्त_फोरमन

दाराचं कोणी बोललंच नाही. तीन कप्पे करा. घाण कपडे, आंघोळ, स्वच्छ कपडे, याच क्रमाने, आणि हवा स्वच्छकडून घाणीकडे. शिसं घरी जातं ते बुटांतून आणि केसांतून, आणि घरी लहान पोरं असतात.

बाहेर पडायला दुसरी वाटही ठेवा. एक पॅनेल असं की आतून लाथ मारली तर बाहेर पडलं पाहिजे. त्यावर मोठा लाल पट्टा. आग लागली तर तीन कप्प्यांतून कपडे बदलत कोणी बाहेर येत नाही.

---

शंकासुर

बाहेरून कॅम क्लॅम्प आणि आतून लाथेने उघडणारं, दोन्ही कसं?

---

निवृत्त_फोरमन

त्या एका पॅनेलला क्लॅम्प नाही, चुंबकाच्या पट्ट्या. दीड किलोचाच तर जोर आहे, आत्ताच हिशोब झाला. तोही आत ओढणारा, त्यामुळे त्या पॅनेलला आतून कड द्या, म्हणजे आत पडणार नाही, बाहेरच जाईल.

---

गंजका_खिळा

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय. दुसरी खोली तयार आहे.

सांगाडा बाहेर, आडवे-उभे गोल पाइप. भिंती पॉलिप्रोपिलीनच्या, चार कोपऱ्यांना वाकवून गोल केलेली पॅनेलं. सांध्यांवर आतून टेप. सुटकेची झडप बसवली, झरोक्यापुढे पिंजरा ठोकला, काकांच्या सांगण्यावरून.

खरं शिसं आत न्यायच्या आधी एक प्रयोग केला. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारी पूड मिळते, ती ग्राइंडरच्या पंख्यापुढे धरून खोलीभर उडवली. मग दोघांनी ताईंच्या पद्धतीने पुसलं, टेप सोलली. चार तास लागले. मागच्या वेळी दोन दिवस लागले होते! मग दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला.

भिंती काळ्याकुट्ट, म्हणजे कुठेच चमक नाही. कोपरे काळे. सांध्यांच्या जागी दोन ठिकाणी बारीक हिरवी रेघ होती, तिथे टेपला सुरकुती पडली होती. छताच्या दिव्याच्या झाकणावर हिरवा थर, तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. दिवे आता बाहेर नेऊन काचेतून उजेड देणार.

खरा धक्का बाहेर बसला. तिसऱ्या कप्प्याच्या बाहेरच्या कडीवर चार बोटं लख्ख उमटलेली, अंगठ्यासकट. आतल्या माणसाने हातमोजे काढले होते, आंघोळीचा कप्पाही पार केला होता. मग आठवलं. पुसून झाल्यावर खिशातला फोन वाजला म्हणून त्याने तो काढून बघितला होता. फोन आता आत न्यायचा नाही, आणि कडीच काढून टाकली. दार ढोपराने ढकलायचं.

ताई, काका, हवाबंद, सगळ्यांचे मनापासून आभार.

---

पांढरं_फडकं

झकास! सुरकुतीसाठी टेप मारल्यावर रबरी रोलर फिरवून बघा.

---

शंकासुर

आणि तो टॉर्च? आत नेला होता ना? तो कोणी पुसला?

---

गंजका_खिळा

आत्ता दिवा घालवून दुसऱ्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघितला. माझ्या टेबलावर चमकतोय.